रिपोर्टवरचे ‘ईबर पॉझिटिव्ह’: हर्पिस कुळातले कर्करोगकारक विषाणू शरीरात कसे राहतात

नागपूरच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या मानेतली गाठ तीन महिने उतरली नाही. आधी क्षयाची शंका घेऊन औषधे झाली, मग बायोप्सी झाली आणि रिपोर्टमध्ये ‘क्लासिक हॉजकिन लिम्फोमा, मिक्स्ड सेल्युलॅरिटी, ईबर पॉझिटिव्ह’ असे लिहून आले; म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कर्करोग, ज्याच्या पेशींत एप्स्टीन-बार या हर्पिस कुळातल्या विषाणूची खूण सापडली. मोबाइलवर शोधताना ‘हर्पिस’ हा शब्द सापडला, घरात तो मोठ्याने वाचला गेला आणि त्याच संध्याकाळी मुलाच्या आत्याने त्याचे ताट-पेला वेगळे करायला सांगितले. हा विषाणू मुलाला लागला कुठून, त्याच्यामुळे कॅन्सर कसा झाला, पाच वर्षांच्या धाकट्या बहिणीलाही तो होईल का, आणि विषाणूवरच औषध देऊन आजार बरा का करत नाहीत, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि सव्वीस वर्षे नागपुरात सूक्ष्मदर्शकाखाली गाठींच्या काचा (स्लाइड) वाचते आहे. उपचार ठरवणे हे आपल्या ऑन्कॉलॉजिस्टचे, म्हणजे कर्करोगतज्ज्ञाचे काम. पण ‘ईबर पॉझिटिव्ह’ हे दोन शब्द माझ्यासारख्याच कोणीतरी रिपोर्टवर लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांचा अर्थ सांगण्याची जबाबदारीही आमच्याकडेच येते. उत्तर लांबणार आहे, कारण चारही प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात: हा विषाणू शरीरात येतो तो आयुष्यभर लपून राहायला, आणि लपण्यासाठी त्याने बाळगलेली हत्यारे कधीतरी चुकीच्या पेशीत, चुकीच्या वेळी चालू राहतात तेव्हा गाठ होते. गाठ झाल्याने त्याचा स्वतःचा काहीही फायदा होत नाही.

प्रथम ‘हर्पिस’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे हर्पिस म्हटले की नागीण आठवते, आणि नागिणीचे तोंड शेपटीला मिळाले की माणूस दगावतो ही समजूत काटोल-उमरेडकडच्या आजी-आजोबांतच काय, इंजिनिअर झालेल्या त्यांच्या नातवंडांतही मी ऐकली आहे. नागीण करणारा विषाणू याच कुळातला आहे आणि कांजण्या करणाराही तोच. तापानंतर ओठाच्या कडेला उठणारे फोड आणि जननेंद्रियांवरचे फोड हे याच कुळातल्या आणखी दोघांचे काम. माणसाला लागणारे या कुळातले विषाणू आज एकूण नऊ मोजतात आणि सगळ्यांचा मूळ स्वभाव एकच: एकदा आत शिरले की ते माणसाबरोबरच जातात. कांजण्या लहानपणी येऊन जातात, पण विषाणू मणक्यालगतच्या मज्जातंतूंच्या गुच्छांत पडून राहतो आणि साठीनंतर नागीण होऊन उठतो. या नऊंपैकी कर्करोगाशी संबंध निश्चितपणे सिद्ध झाला आहे तो दोघांचाच. एक एप्स्टीन-बार व्हायरस, म्हणजे ईबीव्ही. दुसरा कपोसी सार्कोमाशी निगडित हर्पिस व्हायरस, म्हणजे केएसएचव्ही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ईबीव्हीला १९९७ मध्ये माणसात कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आणि केएसएचव्हीला २००९ मध्ये.

हे दोघे मज्जातंतूंत राहत नाहीत. ते राहतात ते बी लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींत, आणि सगळा फरक इथेच पडतो. मज्जातंतूची पेशी एकदा घडली की विभाजित होत नाही. बी पेशीचे मात्र कामच असे आहे की जंतू दिसला की विभाजित व्हायचे, एकाच्या हजार व्हायचे, आणि काम संपले की बहुतेकींनी मरून जायचे. ज्याला अशा पेशीत जन्मभराचे बिऱ्हाड करायचे आहे, त्याला पेशीच्या वाढीची आणि मरणाची बटणे हाताळता आलीच पाहिजेत. ईबीव्हीला ती हाताळता येतात.

त्याचा शोध ज्या गाठीत लागला तिची हकिगत सांगण्यासारखी आहे. डेनिस बर्किट हे आयरिश सर्जन युगांडात काम करत होते. तिथल्या लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या एका विचित्र गाठीचे वर्णन त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये लंडनला झालेले त्यांचे व्याख्यान अँथनी एप्स्टीन यांनी ऐकले आणि ही गाठ विषाणूची असणार, असे त्यांच्या मनाने घेतले. युगांडातून विमानाने गाठींचे नमुने येऊ लागले, पण जवळजवळ दोन वर्षे हाती काही लागले नाही. १९६३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये दाट धुके पडल्यामुळे नमुना आणणारे विमान मँचेस्टरला उतरवावे लागले आणि बाटली पोहोचेपर्यंत आतला द्रव गढूळ झाला होता. गढूळ म्हणजे जंतू वाढले, फेकून द्या, असेच कोणालाही वाटले असते. एप्स्टीन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तेव्हा जंतूंऐवजी गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगताना दिसल्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढल्या, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यांत हर्पिस कुळाचे कण दिसले, आणि १९६४ मध्ये एप्स्टीन, बर्ट अचाँग आणि इव्होन बार यांचा निबंध प्रसिद्ध झाला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही गोष्ट सांगते. नमुना फेकण्याआधी एक थेंब पाहावा, एवढेच त्यातून मला सांगायचे असते.

आता पहिला प्रश्न: मुलाला तो कुठून लागला? लाळेतून, आणि जवळजवळ निश्चितपणे घरातल्याच कोणा प्रेमाच्या माणसाकडून. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात ईबीव्ही असतो; माझ्यात आहे, बहुधा आपल्यातही आहे, आणि ताट वेगळे करायला सांगणाऱ्या आत्यांमध्येही असणार. आपल्याकडे आजी घास आधी स्वतःच्या जिभेला लावून गरम आहे का पाहते आणि मग नातवाला भरवते, एकाच चमच्याने तिघांना खीर मिळते, बाळाचे मुके सगळी आळी घेते. या वयात झालेली लागण बहुधा कळतही नाही. फार तर दोन दिवसांचा ताप किंवा घशाची खवखव. लागण लांबून सोळा-वीसच्या वयात झाली तर मात्र प्रतिकारशक्ती मोठे रण माजवते: सणसणीत ताप, घशात पांढरा थर, मानेच्या दोन्ही बाजूंना गाठी, फुगलेली प्लीहा आणि महिनाभर टिकणारा थकवा. याला इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिस म्हणतात. म्हणजे आपल्या मुलाला कोणी काही वाईट ‘लावले’ असा अर्थ काढू नये. त्याच्या वर्गातल्या बहुसंख्य मुलांत हाच विषाणू आहे आणि त्यांतल्या फारच थोड्यांना त्याचा त्रास कधी होईल.

शरीरात शिरल्यावर काय घडते, ते जरा सावकाश पाहू. विषाणू टॉन्सिलच्या खाचांत पोहोचतो. त्याच्या अंगावरचे एक प्रथिन बी पेशीवरच्या सीडी २१ नावाच्या रेणूला चिकटते, दुसरे तिच्यावरच्या एचएलए रेणूला धरते, आणि दोन आवरणे एकमेकांत मिसळून विषाणूचा डीएनए आत जातो. पेशीच्या केंद्रकात गेल्यावर तो लांबलचक डीएनए, सुमारे १,७२,००० अक्षरांचा, दोन्ही टोके जुळवून कड्यासारखा गोल होतो. (नागिणीच्या तोंड-शेपटीची गोष्ट कुठे खरी असेल तर ती इथे, असा विनोद आमच्या विभागात चालतो.) हे कडे माणसाच्या गुणसूत्रांत सहसा मिसळून जात नाही, बाजूला, स्वतंत्र राहते. पेशी विभाजित होताना ते मागे पडू नये म्हणून विषाणू ईबीएनए-१ नावाचे प्रथिन तयार करतो, जे एका हाताने कड्याला आणि दुसऱ्या हाताने गुणसूत्राला धरते. गुणसूत्र ज्या कन्यापेशीत जाईल तिच्यात कडेही जाते. याच प्रथिनात ग्लायसिन आणि अॅलानिन यांची एक लांब माळ असते, जिच्यामुळे त्याचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर फारसे मांडले जात नाहीत आणि पहारेकरी टी पेशींच्या नजरेतून ते बरेचसे निसटते. जे एक प्रथिन टाळताच येत नाही, नेमके तेच लपवण्याची ही युक्ती मला आजही थक्क करते.

यानंतर विषाणू आपला वेष पायरीपायरीने बदलत जातो. प्रथम तो आपली वाढीची सगळी जनुके उघडतो आणि त्या बी पेशीला, कोणताही जंतू समोर नसताना, ‘जंतू आला आहे, वाढ’ असा भास करून देतो. पेशी वाढते, पण आता तिच्यात विषाणूची इतकी प्रथिने असतात की टी पेशींना ती सहज ओळखू येते. म्हणून पुढच्या पायरीला बहुतेक जनुके मिटतात आणि तीनच महत्त्वाची प्रथिने उरतात. ईबीएनए-१ आपण पाहिले. एलएमपी-१ हे दुसरे. ते बी पेशीवरच्या सीडी ४० या स्वीचची नक्कल करते, फरक एवढाच की खरा सीडी ४० दुसऱ्या पेशीने दाबल्यावर चालू होतो आणि हा नकली सतत चालूच असतो. तिसरे एलएमपी-२ए, ते बी पेशीच्या प्रतिजन (जंतूचा ओळखू येणारा भाग) ओळखणाऱ्या रिसेप्टरची नक्कल करते. सामान्य बी पेशीला लसिकाग्रंथीतल्या जर्मिनल सेंटरमध्ये परीक्षा द्यावी लागते. जिचा रिसेप्टर कामाचा नाही ती तिथे मरते. विषाणू या दोन बनावट दाखल्यांवर आपल्या पेशीला परीक्षेतून पार करतो आणि ती स्मृतिपेशी होऊन रक्तात येते. तिथे तो जवळजवळ सगळी जनुके बंद करतो. निरोगी माणसाच्या रक्तात दहा लाख बी पेशींमागे साधारण एक ते पन्नास पेशींत असा निजलेला विषाणू असतो. स्मृतिपेशी दीर्घकाळ टिकणारी आणि विषाणू निःशब्द, मग टी पेशींनी पकडायचे तरी काय? कधीतरी यांतली एखादी पेशी टॉन्सिलमध्ये परतून प्रतिपिंडे बनवणारी प्लाझ्मा पेशी होऊ लागली की विषाणू जागा होतो, हजारो प्रती काढतो, पेशी फोडून लाळेत उतरतो आणि पुढच्या बाळाकडे जातो.

आपल्या मुलाच्या आजाराचे उत्तर या जर्मिनल सेंटरच्या परीक्षेतच आहे. हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीत कर्करोगाच्या खऱ्या पेशी, ज्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, साधारण शंभरात एखादीच असते. बाकी सगळी जमलेली बघ्यांची गर्दी. या पेशींचा अभ्यास झाला तेव्हा आढळले की त्या मूळच्या बी पेशी आहेत, पण त्यांची प्रतिपिंड बनवणारी जनुके अनेकदा इतकी मोडलेली असतात की त्यांनी परीक्षेत नापास होऊन केव्हाच मरायला हवे होते. ईबीव्ही असलेल्या हॉजकिनमध्ये त्यांना जिवंत ठेवण्यात एलएमपी-१ आणि एलएमपी-२ए यांचा मोठा वाटा असतो. विषाणूने बनावट दाखला दिला तो आपली लपण्याची जागा वाचवायला, पण तो ज्या पेशीच्या हाती पडला ती आधीच बिघडलेली होती. मरायची ती मेली नाही, आणि जगताना तिच्यात नवे बिघाड साठत गेले. आपल्या देशातल्या मुलांच्या हॉजकिनमध्ये बहुतांश गाठी ईबीव्ही पॉझिटिव्ह असतात. विशेषतः दहा वर्षांच्या आतल्या मुलांत आणि मिक्स्ड सेल्युलॅरिटी या प्रकारात. त्यामुळे आपल्या रिपोर्टमध्ये असाधारण असे काही नाही.

‘ईबर’ म्हणजे काय, तेही सांगते. निजलेला विषाणूही ईबर नावाचे दोन छोटे आरएनए प्रचंड संख्येने बनवत राहतो. एका पेशीत दहा लाख प्रती असू शकतात. आम्ही गाठीच्या मेणाच्या ब्लॉकमधून केसापेक्षा कितीतरी पातळ काप घेतो, त्या आरएनएला नेमकी जुळणारी रंगाची खूण त्यावर सोडतो आणि काच तपासतो. आधी कंट्रोलची, म्हणजे विषाणू असल्याचे आधीच माहीत असलेल्या गाठीची काच पाहायची, ती नीट रंगली असेल तरच रुग्णाची. चांगल्या काचेत फिकट पार्श्वभूमीवर हजारो लहान लिम्फोसाइट रंगाशिवाय पडलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये कुठे कुठे, एकेकटी, घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रके असलेली मोठी पेशी गडद रंगून उठून दिसते. रंग फक्त केंद्रकातच असला पाहिजे. तो पेशीभर पसरला असेल तर काच पुन्हा करावी लागते. इथे एक प्रामाणिक शंका येते: सगळ्यांतच असलेला विषाणू गाठीत सापडला, तर तो गुन्हेगार की योगायोगाने तिथे बसलेला प्रवासी? याचे उत्तर कड्याच्या सांध्यात मिळते. डीएनएची टोके जुळताना सांध्यावर ठरावीक तुकड्याच्या किती आवृत्त्या राहतील हे प्रत्येक लागणीत वेगळे असते. गाठीतल्या सगळ्या पेशींत मात्र ही संख्या एकच सापडते. याचा अर्थ विषाणू पहिल्या पेशीतच होता आणि गाठ तिच्यापासून वाढली; तो मागाहून गर्दीत शिरलेला नाही.

या विषाणूने मला स्वतःला एकदा जवळजवळ फसवले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजच्या मुलाचे टॉन्सिल माझ्याकडे आले. पेशी मोठ्या, बेढब, झपाट्याने विभाजित होणाऱ्या, मधूनमधून हुबेहूब रीड-स्टर्नबर्गसारख्या. मी लिम्फोमाचा मसुदा लिहून ठेवला. माझ्या वरिष्ठांनी तो वाचून एवढेच विचारले, “याला ताप किती दिवस होता, आणि रक्ताची काच कुणी पाहिली का?” रक्ताची काच मागवली, तीत निळ्या कडांच्या मोठमोठ्या लिम्फोसाइट होत्या, आणि रक्ततपासणीत ईबीव्हीची ताजी लागण दाखवणारे व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह निघाले. ते मोनोन्यूक्लिओसिस होते. दीड महिन्यात तो पोरगा पुन्हा क्रिकेट खेळायला लागला. रक्तात दिसणाऱ्या त्या मोठ्या पेशी विषाणूने ग्रासलेल्या नसतात, त्या त्याला मारायला निघालेल्या टी पेशी असतात. लागण ताजी असताना या मारेकरी टी पेशींचा मोठा हिस्सा एकट्या ईबीव्हीच्या मागावर असतो आणि पुढे जन्मभर काही तुकडी त्याच कामावर राहते.

ही तुकडी किती महत्त्वाची आहे, हे मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर कळते. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून टी पेशी दाबणारी औषधे दिली जातात, आणि मग काही रुग्णांत विषाणू पहिल्या पायरीचा उघडा वेष घालूनच बी पेशी वाढवत सुटतो. धोका सर्वाधिक त्या मुलांना असतो, ज्यांना स्वतःला आधी लागण झालेली नसते आणि दात्याच्या अवयवाबरोबर विषाणू येतो. अशा वेळी पहिला उपचार म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सांभाळून कमी करणे. काही रुग्णांत केवळ तेवढ्याने गाठी विरघळतात, आणि नाही विरघळल्या तर बी पेशींवर नेम धरणारे रिटुक्सिमॅब असते. दात्याच्या ईबीव्ही-तरबेज टी पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला देण्याचा मार्गही निघाला आहे. तसल्या एका तयार औषधाला युरोपात २०२२ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली.

विषाणू सगळीकडे आहे, गाठी मात्र भूगोल पाहून होतात, याचे कारण विषाणूला प्रत्येक वेळी कोणीतरी साथीदार लागतो. बर्किट लिम्फोमात मुख्य गुन्हा मिक नावाच्या जनुकाचा: आठव्या गुणसूत्राचा तुकडा बहुधा चौदाव्यावर जाऊन चिकटतो आणि वाढीची कळ कायमची दाबलेली राहते. विषुववृत्तीय आफ्रिकेत फाल्सिपॅरम मलेरिया बारमाही आणि तीव्र असतो. तो मुलांच्या बी पेशींना सतत जर्मिनल सेंटरमध्ये ढकलत राहतो, ईबीव्हीवरचा टी पेशींचा पहारा ढिला करतो, आणि असा तुकडा चुकीच्या जागी चिकटण्याची संधी वाढते. आपल्या गडचिरोलीत फाल्सिपॅरम आहे, म्हणून तिकडेही तसेच होत असेल का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. आफ्रिकेसारखा बर्किटचा पट्टा तिथे नाही. मलेरिया असणे वेगळे आणि जन्मल्यापासून वर्षाचे बारा महिने त्याचाच मारा सोसणे वेगळे. नाकामागच्या घशाच्या कर्करोगात साथीदार आणखी वेगळे. तो दक्षिण चीनमध्ये खूप, आपल्या देशात नागालँड आणि आसपासच्या राज्यांत ठळक, आणि विदर्भात क्वचित. तिथे आनुवंशिकता आणि खारवलेल्या किंवा धुरावलेल्या मांस-मासळीतली रसायने आधी घशाच्या अस्तराची पेशी बिघडवतात, आणि मग त्या बिघडलेल्या पेशीत ईबीव्ही ठाण मांडतो. जठराच्या कर्करोगांपैकी दहातल्या एकाच्या आसपास गाठींतही हा सापडतो.

नागपुरात बसून कर्करोगाबद्दल लिहावे आणि खर्ऱ्याचे नाव येऊ नये, असे होत नाही. आमच्या टेबलावर रोज येणारे गालाचे आणि जिभेचे कर्करोग प्रामुख्याने तंबाखू आणि सुपारीचे असतात. त्यांचे खापर हर्पिसवर फोडू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही अशीच गल्लत होते. एकेकाळी शास्त्रज्ञांनाही जननेंद्रियांवरच्या हर्पिसचाच त्यासाठी संशय होता. ज्यांनी १९७० मध्ये बर्किटच्या पेशींत ईबीव्हीचा डीएनए दाखवला, त्या हाराल्ड त्सुर हाउसेन यांना गर्भाशयमुखाच्या गाठींत हर्पिसचा डीएनए सापडेना. पुढे १९८३-८४ मध्ये त्यांनी त्या गाठींतून एचपीव्हीचे (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचे) प्रकार वेगळे केले आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. एचपीव्ही हे वेगळेच कूळ आहे. मुलींना देतात ती लस त्याच्यावरची, ईबीव्हीवरची नव्हे.

केएसएचव्हीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण आपल्या मुलाशी त्याचा संबंध नाही. पण या कुळाची पद्धत त्याच्यात जास्त उघडी दिसते. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ मोरित्झ कपोसी यांनी १८७२ मध्ये त्वचेवर जांभळट डाग आणि गाठी आलेल्या पाच रुग्णांचे वर्णन केले. युरोप-अमेरिकेत शंभर वर्षे तो वृद्धांचा दुर्मीळ, संथ आजार होता. १९८१ मध्ये अमेरिकेत तरुण समलिंगी पुरुषांत तो अचानक दिसू लागला आणि एड्सची चाहूल लागली. गंमत अशी की रक्तघटकांतून एचआयव्ही झालेल्या हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांत तो फार क्वचित होता, म्हणजे एचआयव्हीखेरीज दुसरे काहीतरी पसरत होते. १९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी डागातल्या डीएनएतून त्याच रुग्णाच्या निरोगी त्वचेतला डीएनए वजा करत करत जे उरले, त्यात नवा हर्पिस विषाणू पकडला. या विषाणूने माणसाचीच जनुके उत्क्रांतीच्या ओघात चोरली आहेत: वाढीचा संदेश देणारे इंटरल्यूकिन-६, पेशीचे चक्र फिरवणारे सायक्लिन, मरण टाळणारे बीसीएल-२, या सगळ्यांच्या नकला त्याच्याकडे आहेत. त्याचे कडे गुणसूत्राला बांधण्याचे काम लाना हे प्रथिन करते. काचेवर ते रंगवले की केंद्रकात तिखट-मिठाची बुकटी सांडावी तसे बारीक ठिपके दिसतात.

ईबीव्हीच्या गाठीत विषाणू बहुतेक निजलेला असतो. कपोसीच्या डागात मात्र थोड्या पेशींत तो सतत जागा असतो आणि त्या पेशींतून झिरपणारे संदेश शेजारच्या पेशींना वाढवतात, नव्या रक्तवाहिन्या फोडतात. म्हणूनच एचआयव्हीचे औषधोपचार सुरू होऊन टी पेशी सावरल्या की अनेकांचे डाग मावळतात. म्हणूनच २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या पंधरा रुग्णांचे प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन थांबवून त्याच कामाचे दुसरे औषध, सिरोलिमस, सुरू केल्यावर तीन महिन्यांत सगळ्यांचे त्वचेवरचे डाग गेले. भारतात या विषाणूचे प्रमाण कमी आहे. आफ्रिकेतल्या सहकाऱ्यांच्या टेबलावर जो रोजचा आजार आहे तो मी इतक्या वर्षांत मोजून तीनदा पाहिला.

आता औषधाचा प्रश्न. नागिणीवर असायक्लोव्हिर देतात, मग इथे का नाही? असायक्लोव्हिर हे सुप्त विषाणूला लागूच होत नाही. जागा असलेला विषाणू स्वतःचे यंत्र वापरून डीएनएच्या प्रती काढतो आणि औषध त्या यंत्रात अडकते. निजलेला विषाणू पेशीबरोबर, पेशीच्याच यंत्रावर फुकट प्रत काढून घेतो. तिथे औषधाला धरायला काही नसते. आपल्या मुलाच्या गाठीतला विषाणू या दुसऱ्या अवस्थेत आहे, त्यामुळे अँटिव्हायरल गोळ्यांनी गाठ कमी होणार नाही, आणि कोणी त्या लिहून दिल्या तर का, हे जरूर विचारा. उपचार हॉजकिनचाच करायचा, ईबर पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह; केमोथेरपी, आणि गरज पडली तर रेडिएशन. मुलांचा हॉजकिन हा सर्वांत चांगला बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी आहे. चांगल्या केंद्रांत, उपचार मध्ये न सोडणाऱ्या दहा मुलांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक मुले पाच वर्षांनी हिंडती-फिरती असतात. ‘मध्ये न सोडणाऱ्या’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत, कारण केमोथेरपीच्या दुसऱ्या सायकलनंतर (फेरीनंतर) गाठ दिसेनाशी होते आणि बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोलीकडून येणारी काही मुले तिसऱ्याला येतच नाहीत. ईबीव्हीची प्रतिबंधक लस अजून बाजारात नाही. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाची लस तरुणांवर तपासली गेली होती. तिने मोनोन्यूक्लिओसिस बऱ्याच अंशी टळला, लागण मात्र टळली नाही. नव्या लसींवर चाचण्या चालू आहेत.

राहिली धाकटी बहीण. तिला हा विषाणू बहुधा आधीच लागून गेला आहे. नसेल तर तो शाळेत लागेल. कर्करोग मात्र भावाकडून तिला लागू शकत नाही, कारण गाठ होण्यासाठी लागणारे बिघाड त्याच्या एका पेशीत घडले आहेत आणि ते लाळेतून जात नाहीत. हॉजकिनच्या रुग्णांच्या भावंडांत हा आजार इतरांपेक्षा काही पटींनी जास्त आढळतो हे खरे, पण मुळात तो इतका विरळ आहे की त्यासाठी तिच्या तपासण्या करत बसण्यात अर्थ नाही. तिचे ‘ईबीव्ही आयजीजी’ (जुनी लागण दाखवणारी रक्ततपासणी) काढू नका. ते बहुधा पॉझिटिव्ह येईल आणि घरात आणखी एक रात्र कोणी झोपणार नाही. केमोथेरपीच्या काळात खबरदारी हवी ती उलट्या दिशेने: तिला सर्दी-ताप, कांजण्या किंवा गोवर असेल तर भावाला तिच्यापासून दूर ठेवायचे, आणि घरातल्या कोणाला नागीण उठली तरी त्याच दिवशी ऑन्कॉलॉजिस्टला फोन करायचा, कारण त्या फोडांतून मुलाला कांजण्या होऊ शकतात आणि त्या या काळात गंभीर ठरतात. ताट वेगळे ठेवायचेच असेल तर ते या कारणासाठी, त्याचे स्वच्छ राहावे म्हणून ठेवा, आणि आत्यांनाही तसेच सांगा.

आणखी एक काम आपल्याकडून व्हायला हवे. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचा ज्या लॅबकडे असतील तिथून पावती देऊन मागून घ्या आणि घरात थंड, कोरड्या जागी डब्यात ठेवा. दुसरे मत घ्यायचे झाले किंवा पुढे पुन्हा कधी तपासणी लागली तर नुसत्या रिपोर्टच्या कागदावर काहीच करता येत नाही. ब्लॉक असेल तर मुलाला पुन्हा सुई लावावी लागत नाही.